रोल नंबर तेवढे ओहम

2020 च्या जूनमध्ये शाळा बंद, आणि माझ्यासमोर नववीचा धाराविद्युत धडा. ओहमचा नियम (व्होल्टला रोधाने भागलं की विद्युतधारा मिळते) फळ्यावर सुद्धा नीट कळत नाही, तो मोबाईलवर कसा कळणार? मग एका मैत्रिणीने फेट (PhET) या साइटचं, स्क्रीनवर तारा-बॅटरी जोडून बघायचं सर्किटवालं सिम्युलेशन दाखवलं. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं, फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. एकदा डाउनलोड केलं की नेटही लागत नाही, आणि माझ्या वर्गासाठी हेच महत्त्वाचं होतं, कारण निम्म्या पोरांकडे फोन संध्याकाळी वडील कामावरून आले की मगच यायचा.

पहिला गृहपाठ दिला, 9 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचा रोध, अॅमीटर (विद्युतधारा मोजणारं यंत्र) लावून आकडा पाठवा. सगळ्यांचं उत्तर 0.90 अँपिअर. अगदी सगळ्यांचं! मी आधी खूश झाले आणि मग डोक्यात प्रकाश पडला की एकाने केलंय आणि बाकीच्यांनी ग्रुपवरून उचललंय. मग नियम केला की ज्याचा जो रोल नंबर, त्याचा रोध तेवढे ओहम. सतरा नंबरवाल्याला 0.53 यायला हवं, त्याने 0.90 पाठवलं की पकडला. नंतर एकसर आणि समांतर जोडणीतही हीच युक्ती चालली.

सगळ्यात जास्त मजा आली ती बॅटरी पेटली तेव्हा. तारेने दोन्ही टोकं सरळ जोडली की स्क्रीनवर बॅटरीतून ज्वाळा निघतात, आणि शॉर्ट सर्किट हा शब्द मी न शिकवताच पोरांना कळला (आठवडाभर रोज कोणीतरी बॅटरी जाळल्याचा स्क्रीनशॉट टाकत होतं). आणखी एक गंमत म्हणजे एका मुलीने विचारलं, मॅडम, पुस्तकात बाण धन टोकाकडून निघतो, इथे निळे ठिपके उलटे का पळतायत? ते इलेक्ट्रॉन आहेत हे सांगायला एक अख्खा तास गेला, पण इतकी वर्षं हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

शाळा उघडल्यावर खऱ्या तारा हातात दिल्या आणि माझी फजिती झाली. अर्ध्या गटांच्या अॅमीटरचा काटा हलेना. तारेचं प्लास्टिक सोलायला लागतं हेच कोणाला माहीत नव्हतं, स्क्रीनवर तार आपोआप चिकटायची ना. ते सोलून झालं, स्क्रू आवळले, तर एका गटाचा 1.5 व्होल्टचा सेल बल्ब जोडला की 1.2 व्होल्ट दाखवायला लागला. मी म्हटलं, सेल बदला. तर मागच्या बाकावरचा एक, जो ऑनलाइन तासाला कधी बोलला नव्हता, म्हणाला, मॅडम, त्या बॅटरीला एक स्लायडर होता ना, आतल्या रोधाचा, तो ह्याचा वाढलाय.