तुमचं प्रेशर किती?

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत हल्ली चष्म्याचा नंबर विचारावा तसं विचारतात, "तुमच्या मशीनचं प्रेशर किती?" विचारणाऱ्याला नुकतंच सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवा फुंकणारं मशीन, लागलेलं असतं आणि माझा आकडा स्वतःच्या मशीनला लावून बघायचा असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ७ ते ११. पण तो तुमच्या कामाचा नाही.

हे मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. बादलीत स्ट्रॉ १० सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. तेवढा जोर म्हणजे १०चं प्रेशर. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट मिटते, ती एवढ्या हवेने उघडी धरायची. कुणाची ६ला उघडते, कुणाला १४ही पुरत नाही. एकाच माणसाला कुशीवर कमी लागतं, उताणं झोपलं की जास्त. रात्री दोन पेग झाले असतील तर आणखी.

माझ्या विक्रेत्याने ऑटो मशीन ४ ते २० असं मोकळंच सोडलं होतं. "साहेब, ते आपलं आपण शोधतं." शोधायचं खरं! सुरुवातीला ४वर जीव गुदमरायचा. पहाटे तेच १५वर चढलेलं, मास्कच्या कडेने डोळ्यांत वारा, आणि उठावं तर पोट ढोलासारखं. गिळलेली हवा ढेकरांवाटे काढण्यात अख्खी सकाळ जायची. "त्यापेक्षा घोरत होतात ते बरं," हिने निकाल दिला.

तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा म्हणजे एएचआय. तपासणीच्या रात्री माझा ३८ होता, मशीनवर ११ झाला. मी खूश. डॉक्टरीणबाई नाहीत, त्यांना तो ५च्या आत हवा होता. त्यांनी मशीनमधलं मेमरी कार्ड लावून एकेक रात्र उलगडून पाहिली आणि प्रेशरला हातच लावला नाही. आधी गळती, म्हणाल्या. मिनिटाला २४ लिटरच्या वर हवा बाहेर गेली की घशात काय चाललंय ते माझ्या मशीनला धड कळत नाही. मास्क एक माप मोठा निघाला, आणि त्याखाली तीस वर्षांची मिशी. दोन्ही गेले. (मिशीचं जास्त लागलं.)

पुढच्या दोन आठवड्यांच्या आलेखात रात्रीचा ९५ टक्के वेळ मशीन ९.६च्या वर गेलंच नव्हतं. त्यावरून खाली ७, वर ११ बांधून दिलं. एएचआय अडीच.

मग मला शहाणपण सुचलं. एवढ्यावर इतकं बरं, तर १३वर किती! व्हिडिओ बघून आतला मेनू उघडला. चार रात्रींत एएचआय ८. या खेपेला वाट उघडी होती, पण श्वासच घेतला जात नव्हता. जास्त प्रेशरवर काहींचा मेंदू श्वासाची आज्ञा द्यायलाच चुकतो, त्यांतला मी. बाई काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

परवा एकांनी विचारलं, मोठ्या भावाचं मशीन घरात पडून आहे, ते लावू का? म्हटलं, मशीन डॉक्टरांना दाखवा आणि चाललं तर लावा. मास्क मात्र स्वतःच्या नाकावर बसवून बघून नवा घ्या. भावाचा आकडा डॉक्टरांकडून काढून तुमचा बसवून घ्या. आणि मिशी असेल तर आत्ताच एक फोटो काढून ठेवा.