पुलाच्या अलीकडचा नमस्कार

सुरतेतले दोन दिवस कामात गेले. डिसेंबर २०१९ मधल्या त्या संध्याकाळी अंकलेश्वरहून भरूचला जाताना नर्मदेवरच्या गोल्डन ब्रिजच्या तोंडाशी रिक्षा आणि मोटारी इतक्या दाटल्या होत्या की, मी रिक्षाचे पैसे चुकते करून पायीच निघालो.

पुलाच्या अलीकडे सातारकडचे एक वयस्कर परिक्रमावासी, म्हणजे नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणारे, जोडपे बसले होते. मराठी कानावर पडताच मी "नर्मदे हर" म्हणून टेकलो आणि सहज विचारले, "पलीकडे यायचे का?" आजींनी ताबडतोब कानाला हात लावला. "नको रे बाबा! मैय्या ओलांडायची नसते." समोर भरूच दिसत होते, पण त्यांना हांसोटमार्गे विमलेश्वर गाठून, समुद्रात नावेने वळसा घालून मिठीतलाईला उतरायचे होते आणि तिथून पुन्हा उत्तर काठाने चालत यायचे होते. जो पूल मी वीसेक मिनिटांत ओलांडणार होतो, त्याचे दुसरे टोक त्यांच्यासाठी आठ दिवसांच्या वाटेवर होते.

१८८१ साली हा पूल रेल्वेसाठी बांधला गेला. आधीचे बांधकाम पुरात वारंवार खचल्यामुळे एवढा खर्च झाला की त्यात सोन्याचा पूल उभा राहिला असता, असे लोक म्हणत आणि त्यावरूनच हे नाव पडले, असे इथे सांगतात. १९३५ मध्ये शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल झाला, रेल्वे तिकडे गेली आणि हा पूल रस्त्याच्या वाट्याला आला. सुमारे १.४ किलोमीटरच्या त्या वाटेवर मी एका तुळईला हात टेकवला. रिव्हेटांची गोल डोकी रंगाच्या थरांखाली बुजत आली होती आणि मोटार गेली की थरथर थेट तळहाताला जाणवत होती. एवढ्या वयाच्या लोखंडावर रोज इतका भार टाकणे मला मुळीच पटले नाही. २०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल सुरू झाल्याचे वाचले, तेव्हा फार बरे वाटले.

पावसाळ्यात नर्मदेच्या पुराची बातमी याच पुलाजवळच्या पातळीवरून सांगतात. धोक्याची पातळी २४ फूट आहे. तो आकडा दिसला की मला आजी आठवतात.

निघताना त्या म्हणाल्या होत्या, "झाडेश्वरला नीलकंठेश्वराला आमचा नमस्कार सांगा, आम्ही येतोच आहोत." दुसऱ्या दिवशी पहाटे मी भरूचच्या काठावरच्या झाडेश्वरला गेलो आणि आधी त्यांचा नमस्कार सांगितला, मग माझा.