तुम्ही विचारलंत म्हणून: नेमकं काय सोडलं?

माझ्या रात्रीच्या खाण्याबद्दल मी उघडपणे बोलायला लागले, तेव्हापासून शाळेतल्या बाई, भिशीतल्या मैत्रिणी, कधी विद्यार्थ्यांच्या आयासुद्धा बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारतात. "मॅडम, तुम्ही सोडलं तरी काय? साखर? भात? मैदा?"

मी उपवास करणं सोडलं.

हे ऐकून समोरचीला वाटतं, मी प्रश्न टाळतेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, याला मी आजार म्हणत नाही. माझं खाणं वेगळं होतं. घरातले सगळे झोपले की मी दिवा न लावता स्वयंपाकघरात जायचे आणि डबे उघडायचे. भूक नसायची. चव कळायची ती पहिल्या दोन-चार घासांची, पुढे मी नुसती खात राहायचे आणि थांबणं जमायचं नाही. भडंग चावताना आवाज होतो, म्हणून मऊ पदार्थ काढायचे: पेढे, पोळीचा लाडू, उरलेला शिरा, तूप-साखर लावलेली शिळी पोळी. पोट दुखेपर्यंत. मग सकाळी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून डब्यातला वरचा थर सारखा करून ठेवायचे. अंथरुणावर पडल्यावर स्वतःची जी किळस यायची, तिच्याबद्दल कित्येक वर्षं मी नवऱ्याशीही बोलले नव्हते.

याला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदानाच्या यादीत हा स्वतंत्र आजार म्हणून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो आहे. थोड्या वेळात इतर कुणी खाईल त्यापेक्षा खूप जास्त खाणं आणि खाताना आपला ताबा सुटलाय असं वाटणं, ही त्याची मुख्य खूण. असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने घडत असेल तर अमेरिकेच्या त्या यादीनुसार निदान होतं. माणूस जाड असलाच पाहिजे अशी अट नाही. लहानपणापासून "हिचा जिभेवर ताबाच नाही, समोर दिसलं की खाते" असं ऐकत आलेल्या मला, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत हे कळलं तेव्हा रडू फुटलं.

सांगलीहून मिरजेला दवाखान्यात जाणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट. तिथं कर्नाटकातूनही माणसं येतात, त्यामुळे कुठं निघालीस, कशाला, असं कुणी फार खोदून विचारत नाही. मला त्याचा फार आधार झाला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत डाएटचा कागद दिलाच नाही. एक वही करायला सांगितली. किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, कुठं बसून, आणि तेव्हा मनात काय चाललं होतं. कॅलरी मोजायच्या नाहीत, वजन रोज बघायचं नाही.

वही भरत गेली तसं माझं मलाच दिसायला लागलं. सकाळी नुसता चहा. दुपारी शाळेत डब्यातली अर्धी पोळी, कारण काल रात्री जास्त झालेलं असायचं. पाचला पुन्हा चहा. रात्री सगळ्यांना वाढून, आवरून, मग माझं ताट, तेही दहाच्या सुमाराला. त्यात एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आणि सांगली तर गणपतीचं गाव, इथं संकष्टी चुकवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. चंद्रोदय बरेचदा नऊ-साडेनऊच्या पुढं, तोवर पोटात काही नाही. सगळ्यात वाईट रात्री नेमक्या त्याच्या आगेमागे होत्या. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं आपण हसत म्हणतो. माझ्या वहीत ते तारखांसकट उतरलं होतं.

पुढे मी मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि मनावरचं ओझं बरंच उतरलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अँसेल कीज या संशोधकानं ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. त्यांना दुसरं काही सुचेना. अन्नाचंच बोलणं, अन्नाचीच स्वप्नं, पाककृती वाचत बसणं. आणि पुन्हा जेवायला मिळाल्यावर त्यांच्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खात, तरी तृप्त होत नसत. हे धडधाकट, मनानं घट्ट पुरुष होते. पोटाला उपाशी ठेवलं की शरीर असंच उसळतं. त्यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही, हे मी प्रत्येकीला हात धरून सांगते.

तर उपाय असा. सकाळी न्याहारी, दुपारी पूर्ण डबा, पाचला काहीतरी खाणं, आठला सगळ्यांबरोबर बसून जेवण. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही, भूक असो नसो. ऐकायला सोपं आहे. आमच्या घरात बाईनं आठला सगळ्यांच्या पंक्तीला बसायचं म्हणजे पोळ्या आधी करून ठेवायच्या, तव्यावरची गरम कुणाला मिळणार नाही. त्यावरून धुसफूस झाली. संकष्टीवरून जास्त झाली. आता मी दूर्वा वाहते, अथर्वशीर्ष म्हणते आणि जेवते. सासूबाईंना हे अजूनही पुरतं पटलेलं नाही. त्यांचा उपवास त्यांना झेपतो, मला झेपत नाही, एवढंच मी त्यांना म्हणते.

सगळ्यात कठीण नियम मात्र वेगळाच होता. आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळी न्याहारी करायचीच. प्रायश्चित्त नाही, भरपाई नाही. ही भरपाईच पुढची रात्र घडवते. पोटाला तडस लागलेली असताना पोहे समोर घेऊन बसणं किती जड जातं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

वेळा बसल्यावर बऱ्याच रात्री आपोआप गेल्या. उरल्या त्या रागाच्या, एकटेपणाच्या. अशा रात्री स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, गच्चीवर जायचं, नणंदेला फोन लावायचा. ओढ येते, वाढते, आणि तिला काही खाऊ घातलं नाही तरी ओसरते. हे माहीत असणं आणि एकदा अनुभवणं, यात फरक आहे. "घरात गोड ठेवता का?" असंही विचारतात. ठेवते. भडंगही ठेवते. पाच वाजता वाटीत घेऊन, वर कांदा घालून, उजेडात, माणसांत बसून खाते. डब्यांना कुलूप लावणाऱ्या आयांना मी विनवते, असं करू नका. मुलगी खाणं बंद करत नाही, लपवायला शिकते. तिला किती खाल्लंस ते विचारू नका, शेवटचं कधी जेवलीस ते विचारा.

खाल्ल्यावर कुणी मुद्दाम उलटी करत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, किंवा मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल, तर माझं वाचून घरी काही ठरवू नका, आधी डॉक्टर गाठा. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा वजनापासून सुरुवात करू नका, नाहीतर हातात पुन्हा डाएटचाच कागद पडेल. आधी रात्रीचं सांगा.