ग्रह कुठल्या कप्प्यात लावायचे?

आमच्या कथाविश्वात ग्रहांची गर्दी झाली तेव्हा ते काम माझ्या गळ्यात आलं. "मावशी, तू जन्मभर पुस्तकं लावलीस, आता ग्रह लाव," असं भाच्याने परस्पर जाहीर करून टाकलं. बडोद्यातली आम्ही काही मराठी मंडळी मिळून एकाच काल्पनिक विश्वात विज्ञानकथा लिहितो. दांडिया बाजारातले भौतिकशास्त्राचे निवृत्त सर, एक डॉक्टरीणबाई, भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात वर्गीकरण-तालिकीकरण करून निवृत्त झालेली मी. प्रत्येकाची गोष्ट आपापली, ग्रह मात्र सामाईक.

तिथेच घोडं अडलं. डॉक्टरीणबाईंच्या कथेत ज्या ग्रहावर लोक पोहायला जात होते, त्याच ग्रहावर मुलांच्या कथेत हेल्मेट काढल्याबरोबर माणूस मेला. दोघांनीही तक्ता बघूनच लिहिलं होतं. तक्ता मुलांनी हौसेने केलेला, एका ग्रहाला एक अक्षर. अ पृथ्वीसारखा, ब बर्फाळ, क वायूचा, ड वाळवंटी, इ ज्वालामुखींचा. मुलं 'स्टार ट्रेक'वर वाढलेली, तिथे पृथ्वीसारख्या ग्रहाला एम वर्ग म्हणतात, तेव्हा ही कल्पना कुठून आली ते सांगायला नको.

सरांनी लगेच टोकलं, की खऱ्या खगोलशास्त्रात एम हा ताऱ्यांचा वर्ग आहे, थंड लाल ताऱ्यांचा. ताऱ्यांची अक्षरं ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशी विचित्र क्रमाने का येतात, हेही त्यांनी सांगितलं. हार्वर्डच्या वेधशाळेत आधी हायड्रोजनच्या रेषा किती ठळक दिसतात त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं दिली होती. पुढे ॲनी जम्प कॅनन यांनी काही अक्षरं गाळली, काहींचा क्रम बदलला, आणि त्या क्रमात तापमान उतरत जातं असं निघालं. अक्षरं विस्कटली, पण मांडणी टिकली, कारण तिच्यामागे मोजता येण्याजोगी एकच गोष्ट होती.

आमच्या तक्त्यात नेमकं तेच नव्हतं. 'बर्फाळ' हे पृष्ठभागाचं वर्णन, 'वायूचा' हे अख्ख्या पिंडाचं, 'वाळवंटी' म्हणजे पाणी नाही, आणि 'पृथ्वीसारखा' म्हणजे आपली सोय. चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच अक्षरात कोंबलेली. मंगळ घ्या. वाळवंट आहे, ध्रुवांवर बर्फ आहे, विझलेले प्रचंड ज्वालामुखीही आहेत. लावा आता कुठे लावायचा तो!

ग्रंथालयातल्या माणसाला हे दुखणं नवं नाही. पुस्तकाला फळीवर एकच जागा मिळते, विषय मात्र चार असतात. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत ग्रहांना ५२३.४ हा आकडा ठरलेला, एक विषय एक जागा. बडोद्यात तर हा खटाटोप फार जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना ग्रंथालयं उभारायला आणलं, आणि त्यांनी ड्युई व कटर या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून इथल्यापुरती वेगळी पद्धत केली. पण माझ्या उपयोगाला आले ते आपले भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन. त्यांची कोलन पद्धत १९३३ ची. तीत विषयाला तयार घरात बसवायचं नाही, त्याचे पैलू सुटे करायचे, प्रत्येक पैलूला आपला आकडा द्यायचा, आणि मध्ये विरामचिन्हं घालून ते जोडायचे. ग्रहांनाही हेच लागू करायचं ठरवलं.

मग बैठका सुरू झाल्या, कमाटीबागेत, तारांगणापासून जवळच. पहिला पैलू आकार. हा निर्विवाद असेल असं वाटलं होतं, पण मुलांना 'मोठी पृथ्वी' फार प्रिय. पृथ्वीच्या दुप्पट, तिप्पट त्रिज्येचे खडकाळ ग्रह त्यांनी सढळ हाताने वाटले होते. सरांनी केपलर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१७ मध्ये दिसलेली एक खाच दाखवली. पृथ्वीच्या साधारण दीडपट ते दुप्पट त्रिज्येच्या दरम्यान ग्रह कमी सापडतात. त्याखालचे बहुतेक खडकाळ, वरचे बहुधा जाड वायूचं पांघरूण घेतलेले. निसर्गानेच रेघ मारून ठेवली असेल तर आपण दुसरी कशाला शोधा? आमची पहिली सीमा तिथेच पडली. वरची सीमाही आयती मिळाली. गुरूच्या सुमारे तेरापट वस्तुमानानंतर आत ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन पेटतं, आणि तो पिंड तपकिरी बटूंमध्ये, म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या मधल्या जातीत जातो.

आकारावरून गुरुत्वाकर्षण निघतं, आणि तिथे बऱ्याच कथा आडव्या पडल्या. हिशोब शाळकरी आहे. पृथ्वीच्या पटीतलं वस्तुमान घ्यायचं, आणि त्याला त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. त्रिज्या दीडपट, वस्तुमान चौपट, तर ४ भागिले २.२५, म्हणजे जवळजवळ १.८. साठ किलोच्या बाईला तिथला वजनकाटा १०७ दाखवील. ज्या नायिकेला मुलांनी तिथे कड्यावरून धावत नेलं होतं, तिला आता काठी द्यावी लागली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्यांबद्दल दोन परिच्छेद जादाचे सुचवले. ते घेतले नाहीत.

खरी खडाजंगी झाली ती तापमानावर. मुलांचं म्हणणं, ताऱ्यापासूनचं अंतर सांगितलं की झालं. सरांनी शुक्र पुढे केला. शुक्राला पृथ्वीच्या १.९ पट ऊन मिळतं. पण त्याचे ढग इतके चकचकीत, की त्यातलं तीन चतुर्थांश ते परत पाठवतात, आणि प्रत्यक्षात शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन पचवतो. तरीही जमिनीवर ४६५ अंश सेल्सिअस! ही सगळी करणी कार्बन डायऑक्साइडच्या जाड हवेची. म्हणजे अंतर हा एक पैलू आणि जमिनीवरचं तापमान हा दुसराच.

मला मार्ग दिसला तो इथे. काही पैलू दुरून कळतात आणि काही उतरल्याशिवाय कळत नाहीत. मग क्रमांकाचे दोनच भाग केले आणि मध्ये उभा दंड घातला. दंडाच्या डावीकडे आकार, पदार्थ आणि मिळणारं ऊन. उजवीकडे हवा व तिचा दाब, उघड्यावरचा द्रव आणि तापमान. आकार (म्हणजे त्रिज्या), ऊन आणि दाब पृथ्वीच्या पटीत, तापमान सेल्सिअसमध्ये. कार्डं अशी दिसतात:

पृथ्वी १ : खडक : १ । नायट्रोजन-ऑक्सिजन, १ : पाणी : १५

शुक्र ०.९५ : खडक : १.९ । कार्बन डायऑक्साइड, ९२ : नाही : ४६५

टायटन ०.४ : बर्फ-खडक : ०.०१ । नायट्रोजन, १.५ : मिथेन : उणे १७९

शुक्र आणि पृथ्वी डाव्या बाजूने सख्ख्या बहिणी वाटतात, आणि दंड ओलांडला की एकीचा दुसरीशी संबंध उरत नाही. शनीच्या टायटनचं उलटं. डावीकडे काहीच आशा नाही, पण उजवीकडे जाड हवा, पाऊस आणि तळी, सगळं मिथेनचं का असेना. माझं असं मत झालंय, की विज्ञानकथेतला प्रवास बराचसा या दंडाच्या डावीकडून उजवीकडे होतो. एका अक्षराचा तक्ता हा प्रवास खाऊन टाकतो. 'एम वर्ग आहे, कप्तान,' म्हटलं की खाली उतरून बघायला काय उरलं?

टायटन हा उपग्रह, तो यादीत कसा, असा आक्षेप आलाच. २००६ मध्ये प्राग इथे ठरलेली ग्रहाची व्याख्या सूर्यमालेपुरती आहे, आपल्या कथाविश्वाला ती बांधत नाही, असं सरांनीच सांगितलं. गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे. केवळ गुरूभोवती फिरतो म्हणून त्याला दाराबाहेर ठेवण्यात अर्थ नव्हता. कोण कुणाभोवती फिरतो ते कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचं.

वायूच्या राक्षसांसाठी फार डोकं लावावं लागलं नाही. सुदार्स्की आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तापमानावरून त्यांचे पाच वर्ग सुचवले आहेत, ते जसेच्या तसे उचलले. सगळ्यांत थंड ते अमोनियाच्या ढगांचे, मग पाण्याच्या ढगांचे, मग जवळजवळ निरभ्र, मग सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंची छाप असलेले, आणि सगळ्यांत तापलेले सिलिकेटच्या ढगांचे. १९९५ मध्ये दुसऱ्या ताऱ्याभोवती सापडलेला ५१ पेगासी बी हा वायूचा ग्रह चार दिवसांच्या आसपास आपलं वर्ष पुरं करतो, त्याला आणि गुरूला जुन्या तक्त्यात एकच 'क' मिळाला असता.

जीवसृष्टी आणि 'राहण्याजोगा' हे पैलू मी क्रमांकात घेऊ दिले नाहीत. राहण्याजोगा कुणासाठी, हे गोष्टीने सांगावं. यावर भाचा अजून फुरंगटून आहे.

शेवटी मुलांनी रास्त तक्रार केली, की असला क्रमांक संवादात कोण म्हणेल? बरोबर आहे, पुस्तकाचा क्रमांकही कुणी तोंडाने मागत नाही. म्हणून यानावरच्या लोकांना टोपणनावं वापरायची मुभा दिली. शुक्राच्या जातीची ती भट्टी. लाल बटूला, म्हणजे लहान थंड एम ताऱ्याला, चिकटून फिरणारे, एकच बाजू ताऱ्याकडे धरून राहत असावेत असे ग्रह, ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सातांसारखे, ते एकमुखी. आणि गुरूच्या युरोपा या उपग्रहासारखे, वर बर्फ आणि खाली समुद्र असलेले, त्यांना डॉक्टरीणबाईंनी 'साय' म्हटलं. तेच नाव चिकटलं.

आता नियम असा आहे, की गोष्टीआधी कार्ड. पोहण्याचा आणि हेल्मेटचा तो ग्रह दोन निराळ्या ग्रहांत फोडला, आणि पोहण्याची गोष्ट थोडीफार डागडुजी करून वाचवली. भाच्याच्या नव्या ग्रहाचं कार्ड काल आलं. १.४ : खडक : १.१ । आणि पुढे कोरं. यान तिथे पोचायला अजून तीन प्रकरणं आहेत, आणि उजवीकडे काय निघणार यावर सर आणि डॉक्टरीणबाई यांनी सेव-उसळीची पैज लावली आहे. सर भट्टी म्हणतात.