फ्रेंडशिप पीक, मे महिना आणि न गोठलेली रात्र

मनालीजवळची धुंडी सोडली की पायवाट बियासच्या काठाकाठाने वर चढते आणि थोड्याच वेळात एका मळकट ढिगाऱ्यावरून जाते. लांबून वाटतं दरड कोसळलीय. जवळ गेल्यावर कळतं, आत सगळा बर्फच आहे, हिमस्खलनाने (ॲव्हलांचने) वरून आणलेला. नारळाएवढे, कुठे पोत्याएवढे गोळे एकमेकांत घट्ट बसलेले, वर माती, भूर्जाच्या मोडक्या फांद्या, मधूनच एखादा धोंडा. मी ट्रेकिंग पोल खुपसून पाहिला, टोक आत शिरेना. आईस ॲक्सचा, म्हणजे बर्फातल्या कुदळीचा, घाव घातला तेव्हा कुठे टवका उडाला. गाईडने वर बोट दाखवलं. अरुंद घळ, आणि तिच्या दोन्ही कडांची झाडं उताराच्या दिशेने पार लवलेली.

"एप्रिल में आया ये. हर साल आता है," तो म्हणाला. "फोटो आगे जाके लेना, सर. यहाँ रुकना नहीं."

फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटर. मनालीजवळ, सोलंग खोऱ्यात. सह्याद्रीत चार-पाच वर्षं भटकलेल्या मंडळींचं पहिलं हिमालयीन शिखर पुष्कळदा हेच असतं. बाकरथाचच्या गवताळ पठारावर मुक्काम, मग वरचा 'लेडी लेग' कॅम्प, तिथे दोर, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) आणि घसरलो तर आईस ॲक्सने थांबायचं कसं याचा सराव. हे सगळं बऱ्याच जणांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते ज्या रात्री आम्ही निघालोच नाही तिच्याबद्दल.

संध्याकाळी साडेपाचलाच जेवून स्लीपिंग बॅगेत शिरलो होतो. बाराला उठून एकला निघायचं ठरलेलं. बाराला उठलो, बूट चढवले, किचन टेंटमधला चहाही पोटात गेला. गाईड तंबूंपासून थोडा दूर, न तुडवलेल्या बर्फावर गेला आणि उभा राहिला. पाय नडगीपर्यंत आत. दुसरीकडे गेला, तिथेही तेच. वर बॅटरी मारून उपयोग नव्हता. एकही तारा दिसत नव्हता.

"फ्रीज नहीं हुआ. आज नहीं जाएँगे."

आमच्यातले काका तयारच होते. साठीला टेकलेले, पण कळसूबाईला अजून तरण्या पोरांना मागे टाकतात. "अहो, वारा नाही, पाऊस नाही, थंडीसुद्धा फार नाही. याहून चांगली रात्र कुठली मिळणार?"

"अंकल, ठंड नहीं है, वही तो दिक्कत है."

आमचं गणित इथेच चुकतं. सह्याद्रीत हवा उघडली म्हणजे निघायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. मे महिन्यातल्या बर्फाला मात्र दिवसाच्या हवेपेक्षा आदल्या रात्रीचा हिशेब लागतो. दिवसभर उन्हात वरचा थर वितळतो, पाणी कणाकणांतून खाली झिरपतं आणि कणांना धरून ठेवणारे सांधे सुटू लागतात. ते पाणी खालच्या एखाद्या जुन्या टणक थरापर्यंत किंवा गुळगुळीत कातळापर्यंत पोचलं की वरचा सगळा भार निसरड्यावर उभा राहतो. रात्री हे पाणी पुन्हा गोठलं तर सांधे घट्ट होतात आणि पहाटेचे काही तास बरे मिळतात. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो. हवा शून्याच्या जरा वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढगांची गोधडी पांघरलेली असली की ती ऊब तिथेच राहते आणि कालचा ओला बर्फ सकाळी ओलाच मिळतो. त्यात तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असेल तर ॲव्हलांचला सगळ्यात सोयीचा.

सकाळी आठनंतर ढग फाटले, ऊन आलं, आणि आम्ही मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावर, बसून समोरची भिंत बघत राहिलो. आधी नुसते गोळे. खडकाखालून एक सुटायचा, गडगडत मोठा व्हायचा, मागे रेघ सोडायचा. अर्ध्या तासात भिंतभर रेघा. मग दहाच्या आसपास एका काळ्या कातळपट्टीखाली ओंजळभर बर्फ हलला. खाली येता येता तो रुंदावत गेला, त्रिकोण मोठा होत गेला, आणि आवाज मागाहून आला: जड, घासत जाणारा. वेग पाहून फसायला होतं. वाटलं, बाजूला पळता येईल. गाईड म्हणाला, हा ओला बर्फ वजनाला इतका जड असतो की पाय एकदा त्यात सापडला की निघत नाही, आणि थांबला की जागच्या जागी आवळतो. त्या मळकट ढिगाऱ्यावर माझा पोल का शिरला नव्हता, ते तेव्हा उमगलं.

गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात शोधायचं तर प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याची जागा कळवणारं यंत्र) आणि सोबत प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवं. आम्हाला दिलेल्या सामानाच्या यादीत टॉयलेट पेपर होता, बीकन नव्हता. आणि हा प्रश्न फक्त शिखरं चढणाऱ्यांचा नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. ते गाडीने बर्फ बघायला आले होते.

डीआरडीओची चंदिगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते; पूर्वी हे काम 'सासे' नावाची संस्था करायची. ते जरूर बघावेत. पण इशारा जिल्ह्याचा आणि उंचीच्या पट्ट्याचा असतो. आपल्या तंबूसमोरचा उतार रात्री गोठला की नाही, हे बूट रोवूनच बघावं लागतं.

दुसऱ्या रात्री आकाश ताऱ्यांनी गच्च. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, आणि पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला. क्रॅम्पॉन करकर वाजत होते, पाय जेमतेम दाते बुडतील एवढाच आत जात होता. माथ्यावर ऊन कोवळं असतानाच पोचलो. शिखरावर हनुमान तिब्बा बघत रेंगाळावंसं फार वाटतं. गाईडने रेंगाळू दिलं नाही. उतरताना नऊला क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गठ्ठे चिकटू लागले, दर पाच-सहा पावलांनी आईस ॲक्सच्या दांड्याने ठोकून काढायचे. कॅम्पजवळ तर गुडघ्यापर्यंत रुतत होतो. चढताना इथेच खणखणीत रस्ता होता.

हे जमलं, कारण आमच्या वेळापत्रकात एक दिवस राखीव होता. बुकिंग करताना मी घासाघीस भाड्यावर केली होती. आता कोणी विचारलं तर आधी राखीव दिवस विचारायला सांगतो. तो नसला की गाईडवर सगळ्या ग्रुपचं दडपण येतं, आणि ते आलेलं मी स्वतः ऐकलंय.

बाकरथाचला कोल्हापूरचा एक ग्रुप भेटला, वर निघालेला. "बर्फ कसाय वर?" एकाने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. रात्री आकाश कसं बघायचं, बूट कुठे रोवायचा, आठनंतर कुठल्या कातळाखाली थांबायचं नाही, सगळं. त्यातल्या एकाने मध्येच म्हटलं, "पण काका, हवा तर मस्त आहे की." काकांनी पाठीवरची सॅक खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. धुंडीला जीप दोनची होती, आमची सुटली.