आईचा कान दाखवून आलो, जाणाऱ्यांसाठी थोडं

आईचा उजवा कान लहानपणापासून वाहतो. अलीकडे त्या बाजूने बोललेलं तिला कळेनासं झालं, म्हणून तिला घेऊन मोठ्या शहरातल्या कान-नाक-घशाच्या रुग्णालयात गेलो. तिथे सगळा दिवस जातो, हे धरूनच निघा. जुने केस पेपर आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवा. जाण्याआधी कानात तेल किंवा स्वतःच्या मनाने कुठलेही थेंब घालू नका, काडी तर नकोच.

आधी कान साफ करतात. सूक्ष्मदर्शकातून बघत बारीक नळीने आतली घाण ओढून घेतात. आवाज बराच मोठा येतो आणि कधीकधी गरगरतं. आईलाही उठताना भोवंडलं, थोडा वेळ बसल्यावर ओसरलं. वयस्कर माणसाला एकटं पाठवू नका, ते यासाठीही.

मग डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क (आपटला की घुमणारा धातूचा दुटोकी काटा) वाजवून तिच्या कपाळावर मधोमध टेकवला.

"आजी, आवाज कुठल्या कानात जास्त येतोय?"

आईने उजव्या कानावर बोट ठेवलं. म्हणजे ज्याने ऐकू येत नाही त्याच कानावर! डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. आवाज हवेतून पडद्यामार्गे जाताना अडतोय, पण हाडातून थेट पोचतोय. आतला कान काम करतो.

नंतरच्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, नेमकं हेच कागदावर उतरलं. बंद खोलीत हेडफोन लावून साधारण 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकवतात, पुढे कानामागच्या हाडावर कंपक लावून पुन्हा. आवाज अगदी पुसट आला तरी बटण दाबायचं, खात्रीची वाट बघायची नाही, हे रुग्णाला आधीच नीट समजावून सांगा. आदल्या दिवशी मोठ्या आवाजात राहू नये. आलेखात लाल गोल उजव्या कानाचे आणि निळ्या फुल्या डाव्याच्या. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. हवेची (हेडफोनची) आणि हाडाची (कंपकाची) रेघ यांच्यात अंतर असेल, तर त्याबद्दल जरूर विचारा, कारण उपचाराने बहुतेक वेळा तेवढाच भाग सुधारू शकतो. या कागदाची प्रत मागून घ्या, पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलनेला लागते.

आईच्या पडद्याला छिद्र आहे. शस्त्रक्रियेत कानाच्या वरचं पातळ आवरण घेऊन तिथे बसवतात, पण त्याआधी कान कोरडा करायचा. म्हणजे दुसरी फेरी आलीच. तोवर अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात. वर्षानुवर्षं वाहणारा कान अंगावर काढू नये असं मला कळकळीने वाटतं. काहींच्या कानात कातडीचा साठा होऊन हाड कुरतडलं जातं आणि दुखत नसल्यामुळे ते लक्षातच येत नाही.

आणखी एक. डॉक्टरांसमोर रुग्णालाच बोलू द्या. समोर बसून सावकाश विचारलं की आई नीट उत्तरं देते. गर्दीत तिला चटकन कळत नाही म्हणून आपणच बोलत सुटलो, तर कान कधी वाहतो, घुमतो का, चक्कर येते का, हे राहूनच जातं.

एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्यावरच्या स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. त्याच दिवशी जवळच्या कानाच्या डॉक्टरांना गाठा.