मिलीबगची वही: जास्वंदीपासून जेडच्या मुळांपर्यंत

मंडळी, खिडकी आणि बाल्कनी मिळून 23 कुंड्या, त्यातल्या 9 मिलीबगने (पिठ्या ढेकणाने) धरलेल्या, आणि अडीच महिने चाललेली माझी मारामारी एकदाची लिहून काढते. वहीत तारखा टाकून ठेवल्या होत्या म्हणून जमतंय, नाहीतर मला काल काय फवारलं ते आज आठवत नाही.

चूक माझीच. दिवाळीत आईकडनं सांगलीहून गावठी लाल जास्वंदीचं रोप आणलं, एसटीत मांडीवर धरून, आणि पुण्यात आल्याआल्या थेट हॉलच्या खिडकीत ठेवलं, एका बाजूला होयाची वेल आणि दुसऱ्या बाजूला जाड पानांचं जेड. नवीन झाड दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं हे मी दुसऱ्यांना दहा वेळा सांगितलंय. पण आईचं झाड ना, त्याला कशाला कीड असेल!

15 जानेवारी
खिडकीखालची फरशी चिकट लागत होती. आदल्या दिवशी तिळाचे लाडू वळले होते, मला वाटलं पाक सांडलाय, पुसली. संध्याकाळी परत चिकट, परत पुसली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग दिसली आणि ती लाडवाच्या डब्याकडे न जाता सरळ जास्वंदीवर चढत होती, तेव्हा ट्यूब पेटली. पान उलटं केलं तर शेंड्याला, कळीच्या देठाला, पानाच्या बेचक्यात सगळीकडे कापूस. पिठ्या ढेकूण. फरशीवर पडत होता तो त्यांचा चिकटा, म्हणजे झाडाचा रस पिऊन ते मागे सोडतात तो गोड द्रव, आणि खालच्या पानांवर त्यावर काळी काजळी बुरशीसुद्धा धरायला लागलेली.

भिंग लावून बघितलं. अंगाच्या कडेने झालर, पाठीवर मधोमध पुसटशी रेघ. कापसाच्या पिकावर येतो त्याच्या पाठीवर काळसर ठिपके असतात, तो हा नाही, हा संत्रा-मोसंबीवरचा वाटतो. त्याला घरातलं काहीही चालतं.

16 जानेवारी
कडुलिंबाचं तेल काढलं तर थंडीने गोठलेलं. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली तेव्हा कुठे सुटलं. माझं प्रमाण: 1 लिटर कोमट पाणी, 5 मिली तेल आणि रिठ्याचं घट्ट पाणी दोन चमचे. आधी तेल आणि रिठा एकजीव करायचं, ते दुधासारखं पांढरं झालं की मग पाण्यात. तेल तसंच पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं एका पानावर येऊन पान जळतं. भांड्याचं डिटर्जंट कृपया नको, मी मागे एकदा मनीप्लांटवर मारलं होतं, पानांच्या कडा चुरचुरीत झाल्या होत्या. फवारणी सूर्य खाली गेल्यावर. घरभर जो वास सुटला त्यावर नवऱ्याने जेवताना एकही शब्द काढला नाही म्हणजे किती राग आला असेल बघा.

20 जानेवारी
एकही दिसत नाही!! वहीत दोन उद्गारचिन्हं काढलीयेत, आता बघून हसू येतं.

29 जानेवारी
परत आले. जास्वंदीवर तर आलेच, होयाच्या प्रत्येक पेरावर पण. इथे मी शांतपणे बसून विचार केला, जो आधी करायला हवा होता. मादी त्या कापसाच्या पिशवीत काही शे अंडी घालते आणि मरते. पिशवीतल्या अंड्यांना फवारा पोचतच नाही. मोठ्या मादीच्या अंगावर पण मेण असतं, पाणी ओघळून जातं. अंडी उबेप्रमाणे आठ-दहा दिवसांत फुटतात आणि पिवळसर बारीक पिल्लं बाहेर पडतात, त्यांच्या अंगावर सुरुवातीला मेण जवळजवळ नसतं. निंब, साबण, रिठा जे काही आहे ते खरं लागू पडतं या पिल्लांना. म्हणजे मी एकदा फवारून टाळ्या पिटल्या तेव्हा पुढची बॅच पिशवीत निवांत झोपलेली होती.

मग नवीन हिशोब: दर सहाव्या दिवशी फवारा, एकूण पाच वेळा, मधे किडे दिसोत न दिसोत, एकही तारीख चुकवायची नाही. आणि फवाऱ्याच्या आधी इअरबड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दिसणारी प्रत्येक पिशवी टिपून काढायची. (सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, झाड चिकट होतं.) जेडसारख्या जाड पानांवर आधी एका पानावर करून दोन दिवस थांबा, पानावरचा मेणाचा थर निघून डाग राहतो.

31 जानेवारी
मुंग्या. चिकट्यासाठी मुंग्या मिलीबगला सांभाळतात, त्यांचे शत्रू हाकलतात आणि पिल्लांना इकडून तिकडे पण नेतात. त्यामुळे मुंग्या आहेत तोपर्यंत आपलं काम दुप्पट. आजीच्या घरी दुधाच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तेच केलं, स्टँडच्या चारी पायांखाली जुन्या डब्यांची झाकणं. पाण्यात साबण कालवला म्हणजे डासांची पण सोय होत नाही. भिंतीला टेकलेली फांदी मात्र कापायला विसरले, दोन दिवस मुंग्या त्या पुलावरून ये-जा करत होत्या आणि मी झाकणांकडे बघत कौतुक करत होते.

12 फेब्रुवारी
आजचं लिहायला लाज वाटते. जास्वंदीवर चार मोठ्ठे, झुपकेदार, पांढऱ्या दोऱ्यादोऱ्यांचे 'मिलीबग' दिसले, नेहमीच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट. मी म्हटलं ही राणी दिसते यांची. तिघांना इअरबडने संपवलं. चौथा पळाला, आणि चांगला भराभर पळाला, तिथे शंका आली, कारण मिलीबगची मादी इतक्या जोरात कधी धावत नाही. फोटो मोठा करून बघितला तर मेणाच्या खाली चांगले ठळक पाय आणि लांबट अंग. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी होती हो! क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा, मिलीबग खाणारा. मूळ ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला, तिथे फारसा कामाला आला नाही पण मिलीबगवर तुटून पडला आणि इथलाच झाला. त्याची अळी मिलीबगसारखीच दिसते, आणि मी फुकट आलेले तीन पहारेकरी मारले.

चौथ्याला हात लावला नाही. जास्वंद बाल्कनीत हलवली आणि तिच्यावरचा फवारा बंद, फक्त मुंग्यांचा बंदोबस्त चालू. होया आणि बाकीच्यांचं वेळापत्रक तसंच.

नर्सरीवाल्या काकांनी मधे एक बिनालेबलची बाटली देऊ केली, "ताई, एकदा मारा, महिनाभर बघायला नको." वासावरून काही कळेना. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक असेल तर ते रसातून फुलापर्यंत जातं. माझ्या जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतो आणि फुलं गणपतीला जातात. नाही घेतली. ज्यांच्याकडे नुसती पानांची झाडं आहेत त्यांनी आपापलं ठरवा, पण लेबल नसलेलं काही घरात आणू नका बाबा.

2 मार्च
पाच फवारे पूर्ण (30 जानेवारी ते 23 फेब्रुवारी). होया स्वच्छ. पण जेड मलूल, वर एकही किडा नाही, पाणी बेताचं, तरी पानं सुरकुतलेली. कुंडीच्या तळाच्या भोकाशी पांढरी बुरशी दिसली म्हणून उपटलं, तर बुरशी कसली, मुळांना चिकटलेले बारीक पांढरे किडे आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला मेणाची पूड. मुळांवरचा मिलीबग, हा वेगळाच प्रकार, वरून फवारून काही उपयोग नाही. माती पिशवीत बांधून कचऱ्यात, मुळं नळाखाली धुतली, खराब होती ती कापली, पाच दिवस कागदावर सुकवलं. कुंडी कढत पाण्याने धुतली. नवीन मिश्रणात परलाइट (हलके पांढरे खडे) जास्त.

27 मार्च
जेडला दोन नवीन पानं. बाकी आठातलं क्रोटॉन टाकून दिलं, त्याच्या बेचक्यांत इतके होते की माझा धीर संपला, ते झाड मला तसंही फारसं आवडत नव्हतं. जास्वंदीवर पिशव्या अगदी तुरळक, काल पानाखाली छोटा काळसर, केशरी डोक्याचा ढालकिडा बसलेला दिसला, चौथाच असावा असं मी धरून चाललेय. सहा कळ्या आहेत. आईचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "अगं, आमच्याकडे पण होते की, मी नळाचा पाइप धरते रोज सकाळी."

हे दिवाळीत सांगायचं ना!